मदत हवी आहे: थांबलो की कॅमेरा मान वर करतो

मंडळी, तीन महिन्यांपासून स्टेडीकॅम (अंगावर बांधून चालताना कॅमेरा स्थिर ठेवणारं साधन) शिकतोय. व्हेस्ट, आर्म, स्लेड (वर कॅमेरा, खाली बॅटरी असलेला दांडा) सगळं जुनं घेतलेलं, कॅमेरा मध्यम वजनाचा. सरळ चालत जायचा शॉट बरा निघतो. पण पात्र थांबलं आणि त्याच्यामागे मीही थांबलो की फ्रेम आधी वर जाते, मग खाली येते आणि दोन-तीन हेलकावे खाऊन एकदाची शांत होते. निघताना बरोबर उलटं, कॅमेरा आधी जमिनीकडे बघतो. वळणावर होरायझन (क्षितिजाची रेषा) कलंडतो तो वेगळाच.

मी काय केलं ते सांगतो, हसू नका. डोलतंय म्हणजे बूड हलकं असणार, असं वाटून खाली आणखी एक बॅटरी बांधली. डोलणं वाढलं. ड्रॉप टाइम मोजला, तर आडवा धरून सोडलेला स्लेड जेमतेम एका सेकंदात उभा होतो.

पुढच्या आठवड्यात एका शॉटमध्ये झटक्यात अर्धा फेरा पॅन (कॅमेरा आडवा फिरवणं) आहे, दुसरा गुडघ्याच्या उंचीवरून, लो मोडमध्ये (कॅमेरा खाली घेऊन). पॅनमध्ये तर स्लेड दमलेल्या भोवऱ्यासारखा डुगडुगतो. दर शॉटला बॅलन्स वेगळा लावायचा असतो का?

प्रतिसाद

ती बॅटरी आधी काढा. बूड जड केलं की स्लेडचा लंबक होतो. तुम्ही थांबता तेव्हा गिंबल (आर्म आणि स्लेड जोडणारा फिरता सांधा) तुमच्याबरोबर थांबतो, पण खालचं वजन पुढे जात राहतं, म्हणून वरचा कॅमेरा मागे कलून वर बघतो. स्थिरता बुडाच्या जडपणातून येत नाही. वजनं एकमेकांपासून लांब असणं आणि गिंबल गुरुत्वमध्याच्या जरासाच वर असणं, त्यातून ती येते.

गिंबल पोस्टवर (स्लेडच्या दांड्यावर) खाली सरकवा, पण मिलिमीटरच्या हिशोबात. बॅटरी काढल्यावर लगेच सोडून बघू नका, कॅमेऱ्याची बाजू जड झाली असेल तर तोच खाली येईल. एक हात कायम कॅमेऱ्याखाली ठेवा. ड्रॉप टाइम अडीच-तीन सेकंद आला की चालण्या-थांबण्याचे शॉट निवळतील. टिल्ट (कॅमेरा वर-खाली कलवणं) बराच असेल तर ड्रॉप टाइम आणखी थोडा वाढवा, म्हणजे दोन बोटांनी कॅमेरा वर-खाली होतो. मात्र मग स्लेड स्वतःहून सरळ होत नाही, ते काम बोटांचं. नवख्या हाताला हे जड जातं, मला तरी गेलं.

शॉटभर कॅमेरा खालीच बघणार असेल तर हाताने दाबून धरू नका. कॅमेरा बसतो ती वरची प्लेट किंचित पुढे सरकवून तो कल बॅलन्समध्येच लावून टाका.

प्रतिसाद

पॅनचं दुखणं वेगळं आहे, तो डायनॅमिक बॅलन्स. स्लेड उभा राहतो याचा अर्थ फिरताना उभा राहील असा नाही. सावकाश गोल फिरवून सोडा. पोस्ट डुलला तर बॅटरी थोडी आत किंवा बाहेर घ्या, प्लेट सरकवून स्लेड पुन्हा उभा करा आणि परत फिरवा. कॅमेऱ्याचा गुरुत्वमध्य बहुतेक वेळा पोस्टच्या साधारण दोन सेंटिमीटर मागे येतो, तिथून सुरुवात करा. कंटाळवाणं काम आहे, चहा संपेपर्यंत चालतं.

लो मोडमध्ये स्लेड उलटा होतो, गुरुत्वमध्य आता गिंबलच्या खाली, म्हणजे कॅमेऱ्याच्या बाजूला हवा. म्हणून गिंबल बॅटरीच्या दिशेने सरकवा आणि ड्रॉप टाइम नव्याने मोजा. आधीच्या खुणा इथे चालत नाहीत. मी पोस्टवर दोन रंगांच्या टेपने दोन्ही जागा लावून ठेवतो.

धागाकर्ता

बॅटरी काढली, गिंबल सरकवला, आता पावणेतीन सेकंद. थांबल्यावरचा हेलकावा एकच उरला, आणि तोही माझ्याच मुठीचा निघाला, पोस्ट घट्ट आवळत होतो. पॅनला अजून किंचित डुलतो. झूम लेन्स लावली तर शॉटच्या मध्येच ती लांब होऊन तोल जातो, त्याला काय करायचं?

प्रतिसाद

जिची नळी बाहेर येते ती लेन्स त्या शॉटला लावूच नका. लावावीच लागली तर शॉट जिथे जास्त वेळ रेंगाळतो, त्या फोकल लेंग्थवर (झूमच्या त्या जागी) बॅलन्स करा.