मदत हवी आहे: 'व्हेल रायडर' आणि मराएवरची बायकांची जागा

नमस्कार मंडळी. न्यूझीलंडच्या माओरी समाजावरचा निकी कॅरोचा 'व्हेल रायडर' (२००२) हा सिनेमा सातवी-आठवीच्या मुलांना दाखवून चर्चा घ्यायची आहे. आजोबा कोरो मुलग्यांना शिकवायला बसवतात, तेव्हा त्यांची नात पाइकेया सरळ पुढे जाऊन बसते. ते मागे जा म्हणतात, ती हलत नाही. इथे मुलं हमखास विचारणार, खरंच असं असतं का?

विटी इहिमाएरा यांची मूळ कादंबरी (१९८७) वाचली आहे. मराएवर, म्हणजे माओरींच्या सभा-समारंभांच्या सामाईक जागेवर, पाहुण्यांना स्वागताची हाक, म्हणजे करंगा, बायकाच देतात आणि औपचारिक भाषण बहुतेक जमातींत पुरुष करतात, इतकं कळलं. पण कथेतलं व्हांगारा गिस्बर्नजवळ, न्गाटी पोरोउ या माओरी जमातीच्या मुलखात आहे, आणि तिथे मानाच्या बायका मराएवर भाषण करत आल्या आहेत, असंही वाचलं. इथेच अडलंय. एका समाजाबद्दल मुलांच्या मनात चुकीचं चित्र जायला नको.

परीक्षण किंवा ओटीटीची माहिती नको, डीव्हीडी आहे. न्यूझीलंडमध्ये राहणारं, त्या भागातल्या मराएवर गेलेलं कुणी सांगेल का: तिथे आज बायका वक्त्यांच्या बाकावर बसून भाषण करतात का, आणि कुणाला तो मान मिळतो?