चर्चा: एका स्टाफवर (पाच रेघांवर) दोन हॉर्न. ‘पी’ (हळू वाजवा) एकदाच लिहायचा की दोनदा?

मंद्रसप्तक
लिलीपाँडमध्ये (मजकुरातून स्वरलिपी छापणारी प्रणाली) पार्टकम्बाइन (दोन पार्ट एका स्टाफवर जोडणारी आज्ञा) वापरून हॉर्न 1 आणि 2 एका स्टाफवर घेतले की दोघं कॉर्डमध्ये (एकाच लयीत) असेपर्यंत सगळं ठीक दिसतं, एक ‘पी’ आपोआप गाळला जातो. लय वेगळी झाली, म्हणजे एकाला हाफ नोट आणि दुसऱ्याला दोन क्वार्टर, की स्टाफखाली एकाखाली एक दोन ‘पी’. हेअरपिनही (आवाज हळूहळू वाढवा किंवा कमी करा ही लांब खूण) दोन. व्हॉइसवन आणि व्हॉइसटू या (वरच्या आणि खालच्या ओळीच्या) आज्ञा स्टेम (सुराची दांडी), स्लर, टाय (दोन्ही कमानी), स्टॅकाटो वर-खाली लोटतात, पण डायनॅमिकला (आवाजाच्या जोराच्या खुणांना) हात लावत नाहीत. ते दोन्ही व्हॉइसचे खालीच राहतात. माझं म्हणणं, सामाईक खुणा फक्त हॉर्न 1 मध्ये लिहाव्यात आणि हॉर्न 2 मध्ये नुसते सूर ठेवावेत. कंडक्टरला एकच ‘पी’ हवा असतो. त्यासाठी एवढा खटाटोप कशाला?

तिसरी_रेघ
आणि हॉर्न 2 वाल्याच्या स्टँडवर काय ठेवणार? सुटा पार्ट (एका वादकाचं पान) हॉर्न 2 च्याच व्हेरिएबलमधून (फाइलीतल्या नाव दिलेल्या तुकड्यातून) निघतो. त्यात एकही डायनॅमिक नसणार. मिडीतही (संगणकावर ऐकण्याच्या फाइलीत) गोची आहे: डायनॅमिक परफॉर्मर (जोर लागू करणारा भाग) व्हॉइसपुरता काम करतो, त्यामुळे पहिला हॉर्न हळू आणि दुसरा आपल्या मूळ जोरात.

खुणा दोन्हीकडे पूर्ण लिहा, स्कोअर (कंडक्टरची सगळ्यांची प्रत) काढताना गाळा. हॉर्न 2 मधल्या सामाईक खुणेला ‘पार्ट’ असा टॅग द्या आणि स्कोअरच्या ब्लॉकमध्ये हॉर्न 2 वर रिमूव्हविथटॅग (त्या टॅगचं सगळं गाळणारी आज्ञा) लावा. पार्टमध्ये काही लावू नका, सगळं छापलं जाईल. सुराला चिकटलेल्या खुणेआधी टॅग देताना आधी आडवी रेघ (हायफन) लागते, ती विसरली की काम होत नाही. हेअरपिनची सुरुवात आणि शेवट दोन्ही टॅग करा. नुसती सुरुवात गाळली तर शेवटाची खूण लटकत राहते आणि लॉगमध्ये ‘क्रेशेंडोची सुरुवात सापडत नाही’ अशी कुरकूर सुरू होते.

काळी_चार
टॅग तत्त्वाला बरोबर, पण चाळीस पानांच्या स्कोअरमध्ये दर दुसऱ्या मापात (बारमध्ये) टॅग? फाइल वाचता येत नाही. सगळे सामाईक डायनॅमिक तिसऱ्या व्हेरिएबलमध्ये टाका, सुरांच्या जागी स्पेसर (न छापली जाणारी) विश्रांती. स्कोअरमध्ये स्टाफखाली पार्टकम्बाइनशेजारी तेच एक व्हॉइस म्हणून, आणि पार्टमध्ये प्रत्येक हॉर्नबरोबर तेच व्हेरिएबल. खूण एका ठिकाणी, छापली जाते तीन ठिकाणी.

तिसरी_रेघ
आणि मधे एक माप वाढवलं की? सुरांची फाइल एका मापाने पुढे, स्पेसरची जागच्या जागी. पुढचा प्रत्येक ‘एफ’ (जोरात) एक माप आधी. कंपाइल बिनतक्रार होतं, म्हणूनच ते धोक्याचं. दर मापाला बारचेक (माप पुरं झालं का ते तपासणारी खूण) दिलात तरी फायदा नाही, कारण स्पेसरची फाइल स्वतःच्या हिशोबात बरोबरच असते.

काळी_चार
मान्य. मापाचे आकडे कॉमेंटमध्ये दोन्हीकडे लिहायचे आणि माप दोन्हीकडे एकाच वेळी वाढवायचं. शिस्त लागते. पण तुमच्या टॅगलाही लागतेच की.

वरचा_सा
दोघंही सगळ्या जोड्या एकाच मापाने मोजताय. डायनॅमिक दोनदा छापणं ही चूक आहे. स्लर दोनदा ही चूक नाही: स्टेम वेगळे झाले की वरच्या व्हॉइसचा वर, खालच्याचा खाली, दोन्ही हवेत. टाय तर कॉर्डमध्येही प्रत्येक सुराला स्वतंत्र. फर्माटा (सूर लांबवण्याची खूण) दोन व्हॉइसना वर एक आणि खाली एक असा छापण्याची जुनी रीत आहे, आणि लिलीपाँड ती आपणहून पाळतो. सरसकट स्क्रिप्ट (फर्माटा, स्टॅकाटोसारख्या सुरावरच्या खुणा) गाळणारा उपाय केलात तर हेही जाईल.

दुसरं, दोन ‘पी’ दिसणं हीच एक तपासणी आहे. डोरिको या स्वरलिपी-प्रणालीचं कंडेन्सिंग (पार्ट एका स्टाफवर आणणं; 2019, आवृत्ती 3) दोघांच्या खुणा जुळल्या तरच एकदा दाखवतं. एका हेअरपिनचा शेवट चौथ्या ठोक्यावर आणि दुसरीचा साडेतीनवर असेल, तर त्या जुळत नाहीत, दोन दिसतात. तेव्हा आधी विचारा: हे संगीतकाराला हवं होतं का? बहुतेक वेळा टायपिंगची चूक निघते. हॉर्न 2 कोरा ठेवला तर ही चूक कधीच उघडी पडणार नाही.

मंद्रसप्तक
पार्टचा मुद्दा पटला, कोरा हॉर्न 2 मागे घेतो. पण टॅगवर एक अडचण राहतेच. हेअरपिन कॉर्डमध्ये सुरू होऊन लय वेगळी झाल्यावर संपत असेल, तर पार्टकम्बाइनमध्ये ती नीट छापली जाईलच असं नाही, स्पॅनर (लांब पसरणारी खूण) सुरू झाला त्याच व्हॉइसमध्ये संपावा लागतो. त्यावर उपाय म्हणून आधीच पार्टकम्बाइनअपार्ट (दोघं वेगळे ठेवा) लावा आणि नंतर पार्टकम्बाइनऑटोमॅटिक (पुन्हा आपोआप जोडा), की पुन्हा दोन हेअरपिन समोर. तिथे तिसरं व्हेरिएबल जिंकतं, कारण ते पार्टकम्बाइनच्या बाहेरच असतं.

तिसरी_रेघ
अपार्ट लावलेल्या तेवढ्या मापांत हॉर्न 2 ची हेअरपिन टॅग करा, मिटलं. आणि म्यूझस्कोअरवाल्यांनो (हीही स्वरलिपी-प्रणाली), व्ही दाबून दुसरा ‘पी’ लपवलात तर तो प्लेबॅकमध्ये राहतो. तिथे डायनॅमिकचा आवाका डिफॉल्टने पूर्ण पार्टपुरता असतो, म्हणून दुसरा मुळात घालूच नका.