लाकूड सोलायचं की तासायचं?

प्रश्न : लाकडी घरं बांधण्याविषयीच्या एका पुस्तिकेचा अनुवाद करते आहे. त्यात ओंडक्याची साल हाताने काढायची कृती आहे. मी 'निःसालीकरण' लिहिलं आणि स्वतःच दचकले. सुतार काय म्हणतील? शिवाय दोन्ही टोकांना मुठी असलेलं, अंगाकडे ओढायचं एक पातं आहे. त्याला काय म्हणू?

कोकणातून : निःसालीकरण ऐकून साल आपणहून पळेल! आमच्याकडे लाकूड 'सोलतात'. खैराच्या व्यवहारात 'सोलीव खैर' हा रुळलेला शब्द आहे, जप्तीच्या बातम्यांतही सापडेल. गंमत म्हणजे तिथे नुसती साल जात नाही. कात निघतो लाल गाभ्यातून, म्हणून सालीखालचं पिवळट-पांढरं लाकूडही कुऱ्हाडीने उतरवतात. काम तासण्याचं, नाव सोलण्याचं. सोलकढीतलं सोल, सोलीव वाल, सोलाणे ही सगळी याच घरची मंडळी.

प्रश्नकर्ती : मग या दोन क्रियापदांत फरक कसा करू?

सुताराच्या घरातून : साल आपल्या जागेवरून सुटून आली तर सोललं, हत्याराने लाकूडही खाल्लं तर तासलं. ओल्या झाडात साल नि लाकूड यांच्यामध्ये वाढीचा पातळ, बुळबुळीत थर असतो. विश्वकोशात त्याला 'ऊतककर' म्हटलंय, आमचे वडील नुसतं 'चीक सुटलाय' म्हणत. झाड जोमात असताना तोडलं तर त्या थरावरून साल लांब पट्ट्यांनी निघते. निलगिरीचे वासे तोडल्याबरोबर सोलतात ते यासाठीच. वाळले की साल घट्ट बसते, मग बसा वाकस, म्हणजे तासायचं हत्यार, घेऊन. वडील आधी कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकून साल सैल करत, मग फटीत कोयत्याचं टोक सारून उचकटत. तसाच ठेवलेला ओंडका त्यांना खपत नसे, कारण सालीखाली भुंगेरे अंडी घालतात. आणि हो, सोलून निघतं ते सालपट, तासून निघते ती ढलपी. अनुवादात एवढं सांभाळा.

नागपुराहून : आमच्याकडे सर्रास 'छिलणे'. हिंदीचा शेजार, दुसरं काय. पण 'साल' लिहिताना लिंगाकडे लक्ष ठेवा. झाडाची ती साल, वर्षाचं ते साल आणि मध्य प्रदेशातल्या जंगलांतला तो साल. 'सालाची साल त्या साली काढली' हे वाक्य शुद्ध आहे!

कोकणातून : पात्याला 'ओढसुरी' कसं वाटतं?

सुताराच्या घरातून : ऐकायला गोड आहे. पण आमच्या पेटीत असं पातं कधी नव्हतं, वडिलांना 'ओढसुरी दे' म्हटलं असतं तर त्यांनी विळीच पुढे केली असती. 'दोन मुठींची सुरी' लिहा आणि शेजारी चित्र द्या.

प्रश्नकर्ती : 'सोलणे' पक्कं. पहिल्यांदा 'दोन मुठींची सुरी (ओढसुरी)' लिहिते, पुढे नुसतं 'ओढसुरी'. संपादकांनी खोडलं तर खोडू देत.