फ्रँकेन्स्टाइन, आयव्हीएफचं लेकरू आणि उत्पत्तीचं पुस्तक

संडेस्कूलवाली, जालना

जय ख्रिस्त सगळ्यांना. आमच्या चर्चच्या तरुण संघात उपासनेनंतर मी पोरांसोबत एक पुस्तक घेऊन बसते, या महिन्यात मेरी शेलीची फ्रँकेन्स्टाइन ही कादंबरी घेतलीय, त्यात व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन नावाचा तरुण प्रयोगातून एक जिवंत प्राणी बनवतो. झालं असं की माझ्या धाकट्या बहिणीला लग्नानंतर नऊ वर्षांनी आयव्हीएफनं, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करून, मुलगी झाली, आणि बाप्तिस्म्याच्या दिवशी पंगतीत एक वडीलधारे काका म्हणाले, हे काही देवाचं देणं नाही, माणूस देव व्हायला गेला की राक्षसच जन्मतो, ते फ्रँकेन्स्टाइन वाचा. बहीण ताटावरून उठली. मी गप्प बसले, त्याचं अजून वाईट वाटतं. आता पुस्तक वाचायलेय तर काकांचं म्हणणं मला त्यात सापडंनाच. व्हिक्टरनं बनवलेला तो प्राणी तर आधी किती मायाळू आहे, त्या आंधळ्या म्हाताऱ्याच्या घरासाठी रात्री जाऊन सरपण आणून ठेवतो. मग पाप नेमकं कुठं झालं, बनवण्यात का त्याच्या पुढं?

कुंभारगल्ली, लातूर

ताई, माझ्या मते पुढं. १८१८ च्या पहिल्या आवृत्तीच्या शीर्षकपानावरच मिल्टन कवीच्या पॅरडाइज लॉस्ट या काव्यातला आदाम विचारतो, देवा, मला मातीतून माणूस कर असं मी तुला म्हणलो होतो का. आणि पुस्तकातला प्राणी पण व्हिक्टरला तेच ऐकवतो, मी तुझा आदाम व्हायला पाहिजे होतो. आता बायबलातलं उत्पत्ती ३ काढून बघा. आदाम चुकला, झाडाआड लपला, तरी देव बागेत येऊन विचारतो, तू कुठं आहेस? आणि बाहेर काढताना सुद्धा त्यांना कातड्याचे कपडे करून घालतो. इकडं व्हिक्टरच्या प्राण्यानं नुसता पिवळा डोळा उघडला, काही चूक केली नाही, तर बनवणाराच खोलीतून पळाला! थंडी वाजली म्हणून त्या बिचाऱ्यानं हाताला लागले ते कपडे स्वतःच अंगावर घेतले.

आमच्या घरामागं कुंभारवाडा आहे, अक्षय्य तृतीयेच्या आधी करा-केळीची घाई असते तेव्हा मी लहानपणी तासन्‌तास बघत बसायचो. भांड्याची भिंत कलली की कुंभार ती माती फेकून देत नाही, तळहातानं दाबून परत गोळा करतो, पाण्याचा हात लावतो आणि त्याच चाकावर पुन्हा उचलतो. बायबलात यिर्मया १८ मध्ये हेच आहे, हातात बिघडलेल्या मातीचंच दुसरं भांडं. व्हिक्टरनं तो पाण्याचा हातच कधी लावला नाही.

छत्रपती संभाजीनगरहून

दादांचं पटतं, पण अर्धंच. आम्ही कॅथलिक, आमच्या चर्चनं १९८७ च्या दोनुम विते या व्हॅटिकनच्या पत्रात आयव्हीएफला स्पष्ट नाही म्हणलंय, म्हणून माझं मत वेगळं राहणार. व्हिक्टर बनवायच्या आधीच काय मनात आणतो ते बघा, एक नवी जात मला निर्माता म्हणून दुवा देईल आणि कुठल्याच बापाला मिळाली नसंल इतकी कृतज्ञता मला मिळंल. म्हणजे लेकरू त्याच्या कौतुकासाठी पाहिजे होतं, तर बिघाड तिथूनच सुरू झाला की. आणि दादांचीच फूटपट्टी लावायची तर आयव्हीएफमध्ये उरलेल्या, गोठवून ठेवलेल्या गर्भांचं काय? आपल्याकडच्या २०२१ च्या कायद्यात ते दहा वर्षांपर्यंतच ठेवता येतात. त्यांना कोण विचारतं, तू कुठं आहेस? हे मी ताईंच्या बहिणीला उद्देशून अजिबात म्हणत नाही. जन्मलेलं लेकरू पूर्ण देवाच्या प्रतिरूपाचंच असतं, हे आमचं चर्च पण म्हणतं. त्या काकांचं बोलणं चूकच होतं.

एनआयसीयूवाली सिस्टर, परभणी

मी साहित्यातली नाही पण एक सांगते. मेरी शेलीचं पहिलं लेकरू १८१५ मध्ये दिवस भरायच्या आधी झालं आणि दोनेक आठवड्यातच गेलं. नंतर तिनं डायरीत लिहिलं, स्वप्न पडलं की बाळ मेलं नव्हतं, फक्त गार पडलं होतं, शेकोटीपाशी चोळलं आणि जिवंत झालं. पुढच्याच वर्षी, १८ वर्षांची असताना, तिनं हे पुस्तक लिहायला घेतलं. हे कळल्यापासून मला ती गोष्ट राक्षसाची वाटतच नाही.

आमच्याकडं एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, हजार ग्रॅमच्या आतलं लेकरू येतं, मुठीएवढं डोकं, कातडीखालच्या शिरा दिसतात. पहिल्यांदा बघताना बाप कधी कधी तोंड फिरवतो, भीतीनं, त्याला दोष नाही. मग आम्ही टोपी-मोजे घालून लेकरू आईच्या उघड्या छातीशी ठेवतो, वरून पदर, आणि तासभर तसंच. श्वास सावकाश होतो, मॉनिटर शांत होतो. बाप मग आपोआप खुर्ची जवळ ओढतो. ताई, तुमच्या बहिणीनं लेकराला छातीशी धरलंय ना?

संडेस्कूलवाली, जालना

धरलंय सिस्टर, खाली ठेवतच नाही. तुमचं सगळं तिला वाचून दाखवलं, डायरीच्या ओळीपाशी ती रडली, कारण तिचं पण आधी एक लेकरू गेलेलं, हे चर्चमध्ये कुणालाच माहीत नाही आणि तिनंच म्हणलं आता लिही. गोठवलेल्या गर्भांचा प्रश्न मी टाळणार नाही, दोघी बसून त्यावर प्रार्थना करायलोत. येत्या रविवारी ती लेकरू घेऊन तरुण संघात येणार आहे, काकांनाही मी स्वतः जाऊन निरोप दिलाय. लातूरचे दादा, त्या चाकाचा एखादा व्हिडिओ काढून पाठवता येईल का, यिर्मया १८ वाचताना पोरांना दाखवीन.