स्कोलिओसिस: छातीचा बाक सुधारताना कमरेचा बाक वाढतोय का?

प्रश्न: पाठकणा (पुढेही प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

मुलगी 12 वर्षांची, स्कोलिओसिस म्हणजे कणा बाजूला वाकलेला. पाळी अजून सुरू नाही, रिसर 0 (कमरेच्या हाडावरून हाडं किती पक्व झाली ते सांगणारा आकडा; 0 म्हणजे बरीच वाढ बाकी). छातीच्या भागात उजवीकडे बाक, कॉब कोन (एक्स-रेवर मोजलेला बाक) 22°. कमरेत डावीकडे 18°. पुढे वाकवून स्कोलिओमीटर (पाठीचा तिरकेपणा मोजणारं साधन) लावला तर छातीत 7°, कमरेत 5°. दुखणं नाही. ब्रेस (कण्याला आधार देणारा पट्टा) अजून दिलेला नाही.

सध्या रोज 25 मिनिटांचा कार्यक्रम असा आहे: उजव्या कुशीवर झोपून बरगड्यांच्या फुगवट्याखाली टॉवेलची जाड गुंडाळी, मग पालथं झोपून पाठ उचलणं, मग दाराच्या चौकटीतल्या दांड्याला 30 सेकंद लोंबकळणं, 5 वेळा. चार आठवड्यांनी मागून पाहिलं तर छातीचा भाग थोडा मधोमध आल्यासारखा वाटतो, पण कमरेचा डावा फुगवटा जास्त उठून दिसतो. स्कोलिओमीटर तिथे 7° दाखवतो. व्यायाम चुकतोय, की हा मोजण्यातला फरक आहे?

ओळंबा

5° वरून 7° हा फरक एकट्याने काही सिद्ध करत नाही. पावलं थोडी पुढेमागे पडली किंवा मूल थोडं कमी वाकलं, तरी 2° सहज बदलतात. पण तुमच्या कार्यक्रमात हे घडण्याचं कारण खरोखरच आहे, म्हणून तो आजच बदला.

उजव्या कुशीवर, फुगवट्याखाली गुंडाळी ठेवली की ती टेकू बनते. खांदे आणि पेल्व्हिस (कमरेखालचा हाडांचा घेर) दोन्ही टोकं खाली झुकतात आणि सगळा कणा डावीकडे फुगलेली एकच कमान होतो. छातीला ते सोयीचं, पण कमरेचा बाक आधीच डावीकडे आहे, तो त्याच कमानीत ओढला जातो. दुहेरी बाकात एका जागी ढकललेलं दुसऱ्या जागी बाहेर येतं. कोणताही व्यायाम निवडताना हाच प्रश्न आधी विचारायचा: खालच्या बाकाचं काय होतंय?

त्याऐवजी तिला डाव्या कुशीवर झोपवा. गुंडाळी कमरेच्या डाव्या फुगवट्याखाली, म्हणजे शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधल्या मऊ जागेत. बरगडीवर चढली किंवा हाडावर घसरली तर उपयोग नाही. जाडी डोळ्यांनी ठरवू नका. मणक्यांच्या मागच्या टोकांवर त्वचेवर पेन्सिलीने खुणा करा आणि कमरेतल्या खुणा जमिनीला समांतर येतील इतकीच गुंडाळी ठेवा. त्याहून जाड झाली की बाक उलटा होतो आणि छातीच्या बाकावर ताण जातो. खालचा हात डोक्याखाली लांब, खालचा गुडघा वाकवलेला. वरचा पाय सरळ आणि उशीवर, नाहीतर तो पुढे पडून पेल्व्हिस फिरवतो. वरचा म्हणजे उजवा हात समोर खुर्चीवर टेकवा, खांदा कानाकडे न जाता बाहेर लांब जाईल असा.

मग क्रम. आधी डोक्याच्या टोकापासून टाचेपर्यंत लांब व्हायचं. ती लांबी न सोडता श्वास. श्वास जातो डाव्या पाठीच्या खोलगट भागात, बाजूला आणि मागे. तिथे तुमची बोटं टेकवा, श्वासाने ती बोटं उचलली गेली पाहिजेत. बाहेर सोडताना मिळालेला आकार न सोडता पाठीचे आणि पोटाचे स्नायू घट्ट करायचे. श्वास रोखायचा नाही. 4-5 श्वास, मग सैल, असं 6-8 वेळा.

बरगडी

श्वासाबद्दल आणखी थोडं, कारण घरी सगळ्यात जास्त इथेच बिघडतं.

स्कोलिओसिस म्हणजे फक्त बाजूला वाकणं नाही, मणके फिरतातही. उजव्या बाकात उजवीकडे बरगड्या मागे फुगतात, पण त्याच बाजूला पुढून छाती चपटी होते. डावीकडे उलट: मागे खोलगट, पुढे उठलेलं. 'जोरात श्वास घे' म्हटलं की हवा आधी आधीच मोकळ्या असलेल्या भागात जाते, म्हणजे फुगवट्यात. म्हणून छोटा, हळू, नाकाने घेतलेला श्वास शिकवा. दोन जागी बोट लावा: डावी पाठ आणि उजवी पुढची छाती. काटारिना श्रोथ यांनी 1921 पासून मायसेन इथे जे काम सुरू केलं, त्याचा गाभा हा दिशा दिलेला श्वास आहे.

पालथं झोपून पाठ उचलणं बंद करा. अशा बऱ्याच मुलांची छातीच्या भागातली पाठ बाजूने पाहिली तर आधीच सपाट असते. मागे वाकवणाऱ्या व्यायामाने ती आणखी सपाट होते. भुजंगासन, धनुरासन, चक्रासन यांना हेच लागू. लोंबकळल्यावर कणा तेवढ्यापुरता लांब होतो, हात सोडले की परत येतो. ती लांबी टिकवायला स्नायू शिकतच नाहीत.

पाठकणा

समजलं. बसून करायला काही द्यावं का? शाळेत बराच वेळ बसणं असतं. आणि 25 मिनिटं पुरेशी आहेत का?

ओळंबा

बसून जरूर द्या, पण झोपून जमल्यावरच. स्टुलावर, आरसा समोर, दोन्ही बसण्याच्या हाडांवर सारखं वजन. डोकं वर, मग छाती डावीकडे सरकवायची, झुकवायची नाही. खांद्यांची रेषा आडवीच राहिली तर सरकवलं, डावा खांदा खाली गेला तर झुकवलं. छाती मध्यरेषेपर्यंत आणून थांबा. त्यापुढे ढकललं की कमर पुन्हा डावीकडे पळते, तुमची मूळ तक्रार. आरशाशिवाय जमायला लागलं की वर्गात दर तासाला दोन-तीन श्वास एवढं पुरे.

वेळेचं म्हणाल, तर श्रोथ पद्धतीच्या चाचणीत घरचा कार्यक्रम रोज 30 ते 45 मिनिटांचा होता आणि सोबत आठवड्यातून एकदा देखरेखीखाली सराव. सकाळी 20, संध्याकाळी 20 असं तोडलंत तर मूल टिकतं. दोन व्यायाम नीट करणं हे आठ अर्धवट करण्यापेक्षा कितीतरी बरं. पहिल्या दोन आठवड्यांत तुमच्यासमोर जास्त वेळा करून घ्या, चुकीची सवय त्याच काळात बसते.

रिसर_शून्य

व्यायामाची चर्चा चांगली चालली आहे, पण या मुलीच्या बाबतीत घड्याळ महत्त्वाचं आहे. 1984 मधल्या लोनस्टीन आणि कार्लसन यांच्या अभ्यासात 20 ते 29° बाक आणि रिसर 0 किंवा 1 असलेल्यांपैकी 68 टक्क्यांचा बाक वाढला. तोच बाक रिसर 2 ते 4 असताना 23 टक्क्यांत वाढला. उंचीची मोठी झेप पाळी सुरू होण्याच्या आधीच्या काळात येते, म्हणजे तिची आता चालू असेल. 25° ओलांडण्याची वाट न पाहता मणक्याच्या सर्जनना आत्ताच दाखवा. ब्रेस सांगितला तर व्यायाम त्याच्या जोडीने करायचे, बदली म्हणून नाही. 2013 च्या मोठ्या चाचणीत ब्रेस घातलेल्या 72 टक्के मुलांचा बाक वाढ संपेपर्यंत 50° खाली राहिला, नुसत्या निरीक्षणात 48 टक्के. आणि जितके तास घातला तितका फायदा.

एक्स-रे उभं राहून, मागून पुढे जाणारा काढायला सांगा, स्तनांना किरण कमी लागतात. दर वेळी तेच वरचे-खालचे मणके धरून मोजा. 5° पर्यंतचा फरक मोजण्याची चूक असू शकतो, त्यावर ना आनंद ना घबराट. दर महिन्याला उंची लिहून ठेवा, ती झपाट्याने वाढू लागली तर पुढची तपासणी अलीकडे घ्या.

बरगडी

आणि एक तपासून घ्या, राहिलं असेल तर: बेंबीच्या चारही बाजूंना हलकी रेघ ओढून पोटाची प्रतिक्षिप्त क्रिया दोन्हीकडे सारखी येते का. असमान असेल, रात्री दुखून जाग येत असेल, एका पायाचा आकार वेगळा असेल किंवा बाक काही महिन्यांत झपाट्याने वाढला असेल, तर व्यायाम थांबवून आधी एमआरआयबद्दल विचारा. या खुणांमागे मज्जारज्जूत पोकळी असेल, तर कुशीवर गुंडाळी ठेवून मूळ कारण कसं सुधारणार?

पाठकणा

पोटाची प्रतिक्षिप्त क्रिया पाहिली, दोन्हीकडे सारखी आहे, पायही सारखे. डाव्या कुशीवर गुंडाळी साधारण 4 सेंमी जाडीला खुणा समांतर आल्या, आधीची जवळपास दुप्पट होती. सर्जनची वेळ घेतली आहे.