चर्चा: गोवराच्या प्रत्येक उद्रेकात विषाणूचे जनुकीय क्रमनिर्धारण (जनुकांतल्या घटकांचा, म्हणजे ‘अक्षरांचा’, क्रम वाचणे) सक्तीचे असावे का?

माधव (धागाकर्ता): 2022 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईतल्या गोवंडीत गोवराने मुले दगावली, तेव्हा आपली सगळी चर्चा रुग्णसंख्येभोवती फिरली, तो विषाणू इथेच वर्षानुवर्षे ठाण मांडून होता की बाहेरून आला होता, याची विचारणा फारशी झाली नाही. भारताने गोवर-रुबेला निर्मूलनाचे उद्दिष्ट 2023 वरून 2026 वर नेले आहे. निर्मूलन म्हणजे एकही रुग्ण नसणे नव्हे, तर देशांतर्गत संसर्गाची साखळी किमान 12 महिने खंडित असणे, आणि त्यावर शिक्कामोर्तब होण्यासाठी 36 महिन्यांचा पुरावा लागतो. विषाणू इथला की बाहेरचा हे दाखवणाऱ्या, त्याच्या ‘एन’ नावाच्या जनुकाच्या शेवटच्या 450 अक्षरांचा क्रम वाचल्याशिवाय हा पुरावा पक्का होत नाही. 2016 च्या 42 व्या आठवड्यात गुजरातमधील गीर सोमनाथ येथील नमुन्यावरून नाव मिळालेला डी-8 या जनुकीय गटातील प्रकार पुढे युरोपातील अनेक रुग्णांमध्ये सापडला, हे कळले ते अशा वाचनामुळेच. म्हणून ही तपासणी सक्तीची असावी, असे माझे ठाम मत आहे.

सुमन: माधवराव, मी सहमत नाही. विषाणू डी-8 निघो वा बी-3, उपचार बदलत नाहीत आणि लसही बदलत नाही, कारण ए गटातील विषाणूपासून बनलेली आपली लस सर्वच गटांपासून संरक्षण देते. साखळी तोडायला दोन मात्रांचे 95 टक्के लसीकरण लागते. वाडीवरच्या सत्रात दोनच बालके आलेली असतात आणि पाच किंवा दहा मात्रांची लसीची कुपी एकदा द्रवात मिसळली की चार तासांत टाकून द्यावी लागते. अशा वेळी कुपी फोडावी की त्या आयांना पुढच्या महिन्यात बोलवावे, या पेचात परिचारिका असते. दोन मुलांसाठीही बिनधास्त कुपी फोडता येईल इतका साठा आधी द्या, मग क्रमनिर्धारणाचे बोला.

अनिरुद्ध: माझा आक्षेप वेगळा आहे. ज्ञात 24 जनुकीय गटांपैकी अलीकडे जगभर प्रामुख्याने बी-3 आणि डी-8 हे दोनच आढळतात. सुमारे 16 हजार अक्षरांच्या जनुकसंचातली 450 अक्षरे भिवंडीत आणि मालेगावात तंतोतंत जुळली, तरी एका ठिकाणाहून दुसरीकडे संसर्ग गेला असे त्यावरून ठरत नाही. नुसते ‘डी-8’ लिहिलेला अहवाल फायलीत लावण्यापलीकडे कशाच्या उपयोगाचा? संपूर्ण जनुकसंच वाचणार असाल तरच हा खर्च करा.

माधव: अनिरुद्ध, यावरून लांब क्रम वाचण्याची गरज सिद्ध होते, तपासणी निरर्थक ठरत नाही. शिवाय प्रत्येक रुग्णाचा नमुना लागतच नाही. एका उद्रेकातले पाच ते दहा पुरतात, आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे यातला अनुभव आहे. सुमनताई, उद्रेक सुरू असतानाच मोहिमेत लस घेतलेल्या बाळाला आठवड्याभराने ताप आणि पुरळ आले, तर तो लसीचा सौम्य परिणाम की खरा गोवर, हे प्रतिपिंडांच्या चाचणीतून कळत नाही. लसीतला विषाणू ए गटाचा असल्याने विषाणूचा गटच ते सांगतो. हे उत्तर वेळेवर मिळाले नाही, तर वस्तीत लसीविषयी अफवा पसरायला किती वेळ लागतो, हे आपणास माझ्याहून अधिक ठाऊक आहे.

सुमन: हा मुद्दा मला मान्य आहे, आणि तेवढ्यापुरती तपासणी जरूर करावी. सक्तीला मात्र माझा विरोध कायम आहे. पुरळ उठल्यापासून आठवड्याच्या आत घशाचा स्वॅब घ्यावा लागतो, तर अनेक घरांत तोवर मुलाला कडुनिंबाच्या पाल्यावर निजवून दार लावून घेतलेले असते. स्वॅब घेऊन तो बर्फाच्या डब्यातून तालुक्याला पोचवायला जो माणूस जाणार, त्यानेच त्या घरातल्या आणि शेजारच्या मुलांच्या चुकलेल्या मात्रांची यादी करून आणावी, अशी अट सरकारी आदेशात असेल, तरच मी या मागणीला पाठिंबा देईन.