संकल्पनात्मक चित्र विकत घेताना काय पाहावे? मदत हवी आहे

नमस्कार. लातूरच्या घरासाठी मला एका तरुण चित्रकाराचे संकल्पनात्मक चित्र, म्हणजे ज्यात दृश्यापेक्षा त्यामागची कल्पना महत्त्वाची असते असे चित्र, घ्यायचे आहे. कॅनव्हासवर राखाडी रंगाचा सपाट थर आहे, मध्यभागी केवळ पोहऱ्याची बाह्यरेषा आहे आणि खालच्या कोपऱ्यात पेन्सिलने आड आटल्याची तारीख लिहिलेली आहे. दुष्काळ पाहिलेल्या मराठवाड्यात हे चित्र कोणाला समजावून सांगावे लागत नाही. तरीही अशा चित्राची किंमत कशी ठरते, हे मला उमगलेले नाही.

आधुनिक भारतीय चित्रकार प्रभाकर बरवे यांच्या चित्रांतील घड्याळ, पान अशा साध्या वस्तू पाहताना त्यांच्यामधली मोकळी जागाही तितकीच बोलते, एवढे मला जाणवते. अमेरिकन संकल्पनात्मक कलावंत सोल लेविट यांच्या भित्तिचित्रांच्या बाबतीत तर ग्राहकाला प्रमाणपत्र आणि आकृती मिळते व रेखाटन इतरांच्या हातून भिंतीवर उतरते, म्हणजे विकली जाते ती मुख्यतः कल्पनाच. मग कॅनव्हाससोबत चित्रकाराचे लेखी निवेदन, स्वाक्षरीचे प्रमाणपत्र आणि पावती मागणे रास्त ठरेल का? वेगळा लेखी करार नसेल, तर चित्र विकल्यावरही कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो, आणि ते मला योग्यच वाटते.

घासाघीस करून कलावंताचा अवमान करण्याची माझी इच्छा नाही. म्हणूनच किंमत चित्राच्या आकारावरून पडताळावी, की चित्रकाराच्या आधीच्या विक्रीवरून, हे जाणकारांनी कृपया सांगावे. शिवाय आमच्याकडील धुळीत पेन्सिलचे अक्षर टिकावे, यासाठी काचेची चौकट आवश्यक आहे का?